ऑफ-रोड गाडीत नेव्हिगेशनसाठी लॅपटॉप बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी थार दादा चालवतो आणि शेजारी बसून नकाशा मी पाहते. गेली अकरा वर्षे हीच वाटणी आहे. त्याआधी जिप्सी होती, तेव्हाही लॅपटॉप माझ्याच ताब्यात असायचा. पहिल्या दोन सहलींत तो मी मांडीवर घेऊन बसले. भोरच्या पलीकडे एका कोरड्या ओढ्यात पुढचे चाक दगडावरून घसरले आणि लॅपटॉपचा कोपरा माझ्या हनुवटीत बसला. दोन टाके पडले. घरी आल्यावर पहिले काम केले ते फॅब्रिकेटरकडे जाण्याचे.

तेव्हापासून लोक मला विचारत आले आहेत आणि त्यांचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तराचा काही भाग दुसऱ्या प्रश्नात आला असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मोबाइलवर सगळे दिसते, मग लॅपटॉप कशाला?

डांबरी रस्त्यावर आणि ओळखीच्या वाटेवर मोबाइल पुरतो, तिथे लॅपटॉपच्या भानगडीत पडू नका. त्याचा उपयोग कळतो तो रस्ता संपल्यावर. सहा इंची पडद्यावर एक तर तुम्ही आत्ता कुठे आहात ते दिसते, नाहीतर आजूबाजूचा मुलूख दिसतो. मोठ्या पडद्यावर दोन्ही दिसते. पुढची खिंड, तिच्याकडे जाणाऱ्या तीन बैलगाडी-वाटा, त्यांतली कुठली नाल्यात उतरते आणि कुठली धारेने जाते, हे एका नजरेत कळते. उपग्रह-चित्रावर समोच्च रेषा चढवून चढाचा अंदाज घेता येतो, वाटेत खुणा करता येतात, परतीचा माग जपून ठेवता येतो. शेजारी नेव्हिगेटर बसणार असेल तरच हा खटाटोप करा. एकटे जाणाऱ्यांनी प्रश्न १९ पाहावा.

२. त्यासाठी टफबुकसारखा महागडा लॅपटॉपच घ्यावा लागतो का?

नाही. पॅनासॉनिकचे टफबुक किंवा गेटॅकचे लॅपटॉप अशा कामासाठीच बनतात आणि जुन्या बाजारात बऱ्या भावात मिळतात, पण साधा लॅपटॉपही वर्षानुवर्षे टिकतो. त्याला दोन अटी आहेत. आत एसएसडी हवी, फिरती चकती असलेली हार्ड डिस्क नको. त्या डिस्कमध्ये वाचणारे डोके चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते, त्यामुळे एका दणक्यात कायमचे नुकसान होऊ शकते. दुसरी अट वजनाची. दीड किलोच्या आत असेल तर बरे, कारण प्रत्येक धक्क्याला ते वजन तुमच्या स्टँडलाच पेलायचे असते.

नवा घेणारच असाल तर पडदा सुटा होणारा किंवा टॅब्लेटसारखा घ्या. साध्या लॅपटॉपात सगळ्यात आधी बिजागरी जाते. गाडी हेलकावते तसा पडदा मागेपुढे झुलतो आणि सगळा ताण त्या दोन छोट्या बिजागऱ्यांवर येतो.

३. लॅपटॉप नेमका कुठे बसवायचा?

नेव्हिगेटरच्या समोर, थोडा मध्याकडे, गुडघ्यांच्या वर आणि डॅशबोर्डच्या खाली. त्याचा पाया जमिनीत, म्हणजे पुढच्या सीटच्या बोल्टांना धरलेला असावा. डॅशबोर्डला काहीही बसवू नका. तो प्लास्टिकचा असतो, स्क्रू धरून ठेवत नाही. शिवाय तिथेच एअरबॅग असते.

एअरबॅगबद्दल स्पष्टच लिहिते, कारण इथे चुकलात तर ती चूक जिवावर बेतते. एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते, पापणी लवायच्याही आत. तिच्या वाटेत लॅपटॉप आला तर एअरबॅग तो थेट माणसाच्या छातीवर किंवा तोंडावर फेकते. शेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्डच्या वरच्या भागातून किंवा समोरून उघडते आणि बसलेल्या माणसाच्या दिशेने येते, तो सगळा पट्टा मोकळा ठेवा. स्टँड त्या पट्ट्याबाहेर बसतच नसेल, तर त्या गाडीत लॅपटॉप बसवूच नका. एअरबॅग बंद करून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जुन्या जिप्सीत एअरबॅग नव्हती म्हणून आमचे भागले, थारमध्ये मात्र स्टँडची जागा बदलावी लागली.

मग गाडीत प्रत्यक्ष बसून तपासा. गिअर आणि फोर-बाय-फोरचा दांडा सगळ्या स्थितींत फिरवून पाहा, कोपर लागते का बघा. हँडब्रेक ओढा. सीट पुढे-मागे सरकवा. दार उघडून पाय बाहेर टाकता येतो का ते पाहा, कारण गाडी कलंडली तर नेव्हिगेटरला त्याच फटीतून निघायचे आहे. ही तपासणी पुठ्ठ्याचा ट्रे कापून करा, लोखंड कापायच्या आधी.

४. तयार स्टँड घ्यावा की फॅब्रिकेटरकडून करून घ्यावा?

दोन्ही चालते. रॅम माउंट्ससारख्या तयार स्टँडचा पाय सीटच्या बोल्टाखाली धरला जातो, गाडीला भोक पाडावे लागत नाही. वर रबर चढवलेला बॉल आणि घट्ट करायचा हात असतो. बॉल एक इंची घेऊ नका, तो मोबाइलसाठी ठीक आहे. लॅपटॉपला किमान दीड इंची लागतो.

करून घ्यायचा असेल तर माझा अनुभव सांगते. पायाला ५ मिमीची लोखंडी पट्टी, तिच्यावर २५ मिमीच्या चौकोनी पाइपचा खांब, वर ३ मिमी अॅल्युमिनियमचा ट्रे. ट्रेच्या चारी कडा बोटभर वर वळवून आतून रबराची पट्टी चिकटवलेली. लॅपटॉपला हवा मिळावी म्हणून ट्रेला भोके, आणि लॅपटॉप टेकवायला चार रबरी बुटके, म्हणजे खालून हवा खेळते. वरून दोन पट्टे, बकलवाले. पडद्यामागे एक आडवी पट्टी दिली की बिजागरीवरचा ताण तिच्यावर जातो. ही पट्टी बहुतेक लोक विसरतात आणि सहा महिन्यांनी बिजागरी तुटल्यावर मला प्रश्न पाठवतात.

सीटच्या बोल्टांची काळजी घ्या. ते साधे बोल्ट नसतात. अपघातात माणसासकट सीट धरून ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर असते. त्यांच्याखाली ५ मिमी पट्टी घातली की तेवढा आटा आतून कमी धरला जातो. म्हणून पट्टीच्या जाडीइतका लांब बोल्ट घ्या. त्याच व्यासाचा, त्याच आट्याचा आणि डोक्यावर तोच ग्रेड कोरलेला हवा. कोपऱ्यावरच्या दुकानातला ग्रेड नसलेला बोल्ट तिथे लावू नका. कसताना टॉर्क पाना वापरा, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा पाहून. सीटखाली पिवळ्या वेष्टनातल्या वायर दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आणि सीटबेल्टच्या असतात, त्यांना हात लावू नका. आणि वेल्डिंग गाडीत करू देऊ नका. माप घेऊन स्टँड बाहेर जोडायचा, मग गाडीत बसवायचा.

५. सक्शन कपचा स्टँड किंवा वेल्क्रो चालेल का?

नाही. ताशी ४० किलोमीटरवरून गाडी एकदम थांबली तर मोकळा लॅपटॉप ज्या वेगाने पुढे जातो, तो वेग वीस फुटांवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा असतो. दोन किलोची वस्तू वीस फुटांवरून कुणाच्या डोक्यात पडली तर काय होईल, एवढा विचार पुरे. उन्हात सक्शन कप सुटतोच, आणि सुटलेली वस्तू बहुधा ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकते.

६. धक्के बसू नयेत म्हणून खाली जाड फोम घालू का?

घालू नका. फार मऊ फोमवर ठेवलेला लॅपटॉप गाडीच्या हेलकाव्याच्या तालात उड्या मारू लागतो, उलट जास्त हलतो. अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचे कडक रबर पुरते. बारीक थरथर ते शोषते आणि लॅपटॉप जागचा हलत नाही.

मोठा धक्का कमी करायचा खरा उपाय म्हणजे स्टँडचा हात आखूड ठेवणे. पायापासून ट्रे जितका लांब, तितका तो जास्त डुलतो. आमचा पहिला खांब उंच आणि सडपातळ होता, कच्च्या वाटेवर पडद्यावरची अक्षरे वाचताच येत नव्हती. त्याला डॅशखालच्या लोखंडी चौकटीपर्यंत एक तिरकी पट्टी जोडली आणि थरथर थांबली. सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, वापरा. साधा नट आणि स्प्रिंग वायसर यांच्या भरवशावर राहू नका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा सगळे पुन्हा कसा.

७. वीज कुठून घ्यायची? इन्व्हर्टर लावू का?

इन्व्हर्टर टाळा. तो १२ व्होल्टचे २३० करतो, मग लॅपटॉपचा चार्जर त्याचे पुन्हा २० करतो, आणि दोन्ही वेळा वीज उष्णतेत वाया जाते. शिवाय चिखलाने ओल्या झालेल्या गाडीत पायाशी २३० व्होल्ट खेळवायचे कशाला? लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर ६५ किंवा १०० वॅटचा चांगला पीडी (यूएसबी-सीवरून लॅपटॉपपुरती वीज देणारा) कार चार्जर घ्या. जुन्या गोल पिनच्या लॅपटॉपला त्याच व्होल्टचा डीसी-टू-डीसी अडॅप्टर मिळतो. ट्रक आणि लष्कराच्या काही जुन्या गाड्यांत २४ व्होल्ट असतात, तिथे १२ ते २४ चालणारा चार्जर घ्यावा.

६५ वॅटचा चार्जर बॅटरीतून साधारण सहा अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला एवढे झेपते, पण धक्क्यांनी तो प्लग सैल होतो, ठिणग्या पडून काळा होतो आणि नेमका खिंडीत चार्जिंग थांबवतो. म्हणून बॅटरीपासून वेगळी लाइन ओढून घ्या. वायर २.५ चौरस मिमीची. तिच्यात सहा मीटरच्या जाण्यायेण्यात पाव व्होल्टच्या आसपास घट होते. बारीक पाऊण चौरस मिमीची वापरली तर हीच घट पाऊण व्होल्टच्या वर जाते, चार्जर कुरकुरतो आणि वायर गरम होते.

फ्यूज १५ अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. चार्जरजवळ लावलेला फ्यूज वायर वाचवत नाही. मध्ये कुठे वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर आग बॅटरीपासून लागते. बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. हे काम यूट्यूब पाहून करण्यापेक्षा चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या आणि फ्यूज कुठे आहे ते स्वतः पाहून ठेवा.

८. मुक्कामी गाडी बंद असताना लॅपटॉप चालवला तर बॅटरी उतरेल का?

लॅपटॉपची स्वतःची बॅटरी भरलेली असेल तर तो नुसता चालायला १५ ते २५ वॅट घेतो, म्हणजे दोन अँपिअरच्या आसपास. साठ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर तासभर काम करायला हरकत नाही. पण रिकामा लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. स्टार्टरला लागतो तो झटका जुन्या बॅटरीत उरत नाही. लाइन इग्निशनवर चालणाऱ्या रिलेमधून, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज सोडणाऱ्या स्विचमधून, घेतली की विसरायची भीतीच राहत नाही.

९. सेल्फ मारला की चार्जिंग तुटते. बिघाड आहे का?

नाही. स्टार्टर फिरताना गाडीचा व्होल्टेज क्षणभर १० च्या खाली जाऊ शकतो, तेव्हा चार्जर स्वतःला बंद करून घेतो आणि इंजिन सुरू झाल्यावर परत येतो. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर काही फरक पडत नाही. मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप मात्र प्रत्येक वेळी बंद पडेल. बॅटरी बदला.

१०. लॅपटॉपमध्ये जीपीएस असते का?

बहुतेकांत नसते. लॅपटॉप वाय-फायवरून जागा ओळखतो, आणि डोंगरात वाय-फाय नाही. सिमकार्ड चालणाऱ्या काही मॉडेलांत आणि टफबुकसारख्यांत असू शकते. बाकीच्यांनी यूएसबीचा छोटा रिसीव्हर घ्यावा, काडेपेटीएवढा, खाली चुंबक असलेला. तो टपावर ठेवून वायर दाराच्या रबरातून आत घेणे उत्तम. कापडी टपाच्या गाडीत टपाखालीही चालतो. आत ठेवायचा तर काचेलगत ठेवा, पण उष्णता अडवणारी धातूची फिल्म काचेत असेल तर तिथे सिग्नल कमी होतो.

सिग्नल वारंवार जात असेल तर आधी स्वस्तातला कार चार्जर आणि डॅशकॅम काढून पाहा. उपग्रहाचा सिग्नल इतका क्षीण असतो की हलक्या प्रतीच्या चार्जरची विद्युत गडबडही त्याला दाबून टाकते. एकेक वस्तू काढत गेलात की चोर सापडतो.

११. आपला नाविक चालतो का?

नाविक म्हणजे जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह-यंत्रणा. रिसीव्हर तिला साथ देणारा असेल तर चालते. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या पट्ट्यांत प्रक्षेपण करतात, साधा रिसीव्हर फक्त एल-१ ऐकतो. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल-१ही आला. आपल्या कामाला अमेरिकी जीपीएस आणि रशियन ग्लोनास मिळून पुरते.

१२. रिसीव्हर जोडल्यावर कर्सर स्वतःच पडद्यावर उड्या मारतो, खिडक्या उघडतो. व्हायरस आहे का?

हा प्रश्न दर पावसाळ्यात तरी एकदा येतोच, आणि विचारणारा घाबरलेला असतो. व्हायरस नाही. रिसीव्हर सेकंदाला एकदा मजकुराच्या ओळी पाठवतो. लॅपटॉप सुरू होताना रिसीव्हर आधीपासून जोडलेला असेल तर विंडोज कधी कधी त्या ओळींना जुन्या पद्धतीच्या सीरियल माऊसचे इशारे समजते. मग प्रत्येक ओळीसरशी कर्सर उडतो आणि क्लिक होतात.

आत्तापुरता उपाय म्हणजे रिसीव्हर काढा, लॅपटॉप सुरू होऊ द्या, मग जोडा. कायमचा उपाय करायचा तर तो जोडलेला असतानाच डिव्हाइस मॅनेजर उघडा. माऊसच्या यादीत ‘सीरियल बॉलपॉइंट’ नावाची नोंद दिसेल, ती डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, केली तर पुढच्या वेळी ती परत उगवते. कर्सर सारखा पळत असल्याने हे कीबोर्डनेच करावे लागते, टॅब आणि बाणांच्या कळांनी.

१३. सॉफ्टवेअर कोणते वापरायचे? नेटशिवाय चालेल ना?

नेटशिवाय चालणारेच घ्यायचे. ब्राउझरमधला गूगल मॅप्स लॅपटॉपवर ऑफलाइन चालत नाही, ती सोय मोबाइल अॅपमध्येच आहे. मी क्यूजीआयएस वापरते. फुकट आहे, त्यात जीपीएसचे पॅनल आहे, ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा आणि समोच्च रेषा घरूनच साठवून नेता येतात. शिकायला आठ-पंधरा दिवस जातात, ते सत्कारणी लागतात. स्कॅन केलेला कागदी नकाशा चालवायचा असेल तर ओझीएक्सप्लोरर सोपे. गूगल अर्थ प्रो जीपीएसला जोडता येते, पण नेटशिवाय त्यात घरी पाहून साठलेलाच भाग दिसतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. वाट घरी आखायला मात्र ते सुंदर आहे.

सॉफ्टवेअरमध्ये जीपीएसची जागा दिसतच नसेल तर कॉम पोर्टचा (रिसीव्हर लॅपटॉपला ज्या पोर्टवर दिसतो त्याचा) क्रमांक आणि वेग तपासा. वेग ४८०० किंवा ९६०० असतो. एक जुळला नाही तर दुसरा.

१४. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे वापरता येतात का? माझ्या नकाशावर गाडी रस्त्याच्या बाजूला दिसते.

येतात, आणि जरूर वापरा. १:५०,००० प्रमाणाचे ओपन सीरिज नकाशे २०१७ पासून सर्व्हे ऑफ इंडियाने ऑनलाइन मोफत दिले आहेत. वीस मीटरच्या समोच्च रेषा, विहिरी, देवळे, पायवाटा, घाटवाटांची नावे. त्यांतले डांबरी रस्ते जुने झाले असतील, पण डोंगर आणि ओढे जागचे हलत नाहीत.

गाडी बाजूला दिसण्याचे कारण बहुधा जुनी टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा. ती एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या मापावर आधारलेली आहे आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या जागतिक मापावर चालते. महाराष्ट्रात या दोहोंत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. शंभर मीटर म्हणजे सह्याद्रीत धार आणि दरी यांच्यातले अंतर असू शकते. सॉफ्टवेअरमध्ये नकाशा चढवताना डेटम (नकाशा ज्या मापावर बेतला आहे ते) ‘इंडियन’ निवडा, फरक निघून जातो. ओपन सीरिज नकाशे मुळातच डब्ल्यूजीएस-८४ वर आहेत, त्यांना याची गरज नाही. कुठल्याही नव्या नकाशाची परीक्षा घरासमोरच्या चौकात घ्या, रानात नको.

१५. उन्हात पडदा दिसत नाही. रात्री डोळ्यांवर येतो.

साध्या लॅपटॉपचा उजेड २५० ते ३०० निट्स असतो, उघड्या टपाच्या गाडीत तो कमीच पडतो. उन्हात वाचता येणारे पडदे ८०० ते १००० निट्सचे असतात आणि महाग असतात. स्वस्तातला उपाय म्हणजे चकाकी कमी करणारी मॅट फिल्म, आणि काळ्या फोमशीटचा कमानीसारखा छज्जा, वेल्क्रोने पडद्याच्या कडेला लावलेला. नकाशाची रंगसंगतीही बदला. दुपारी पांढऱ्या पार्श्वभूमीवर जाड गडद रेषा हव्यात, उपग्रह-चित्र उन्हात काळाठिक्कर डाग दिसते.

रात्री उलट. काळी पार्श्वभूमी, उजेड सगळ्यात कमी, आणि पडद्याचा प्रकाश चालकाच्या समोरच्या काचेत उमटत नाही ना ते त्याच्या सीटवर बसून पाहा.

१६. पाऊस, धूळ आणि उकाडा यांचे काय?

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसापेक्षा दमटपणा जास्त छळतो. एसीत थंड झालेला लॅपटॉप एकदम बाहेरच्या हवेत आणला की आत पाणी धरते. काचा उघडून, एसी बंद करून दहा मिनिटे जाऊ द्या. कीबोर्डवर सिलिकॉनचे पातळ कव्हर घाला. वायर लॅपटॉपला लागण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून येणारे पाणी झोळातून ठिबकते, पोर्टमध्ये जात नाही.

धुळीसाठी पंख्याच्या तोंडाला जाळी लावायचा मोह होतो. लावलीत तर ती रोज संध्याकाळी झटका, नाहीतर लॅपटॉप तापून मंद होतो. उन्हात लावलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांपर्यंत जाते, लिथियम बॅटरीला ते सोसत नाही. जेवायला थांबलात तर लॅपटॉप बकल सोडून बरोबर न्या. म्हणूनच बकल एका हाताने उघडणारे घ्या.

१७. लडाखला नेतोय. काही वेगळी तयारी?

फिरती हार्ड डिस्क असेल तर नेऊ नका. साधारण ३००० मीटरपर्यंतच ती चालेल असे बनवणारे सांगतात, कारण डोके तरंगत ठेवायला पुरेशी हवा लागते. लेह शहरच ३५०० मीटरवर आहे आणि खारदुंग ला ५३५९ मीटरवर. तिथे डिस्क डोके टेकवू शकते. एसएसडीला ही अडचण नाही. विरळ हवेत पंखाही कमी थंडावा देतो, म्हणून जड कामे बंद ठेवा. पहाटे शून्याखाली गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. लॅपटॉप रात्री स्लीपिंग बॅगजवळ ठेवा.

१८. पोलीस अडवतील का? आरटीओची परवानगी लागते का? सॅटेलाइट फोन जोडला तर?

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार, हातातले संपर्क-उपकरण गाडी चालवताना फक्त मार्ग शोधण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित न होईल अशा रीतीनेच वापरता येते. लॅपटॉपच्या बाबतीतही हेच धोरण ठेवा. चालकाने त्याला हात लावायचा नाही आणि समोरचा रस्ता झाकला जाता कामा नये. बोल्टाने बसवलेला, काढता येणारा ट्रे म्हणजे गाडीच्या रचनेतला बदल नव्हे. पण ट्रेसाठी सीट काढून टाकलीत तर आसनक्षमता बदलते आणि प्रकरण आरटीओकडे जाते.

सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारे छोटे कम्युनिकेटर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदा आहे. परदेशातल्या मराठी मित्रांनी हे विशेष लक्षात घ्यावे. तिकडे सर्रास वापरतात म्हणून सामानात येते आणि विमानतळावर अटक झाल्याची उदाहरणे आहेत. नुसता सिग्नल घेणारा जीपीएस रिसीव्हर चालतो.

१९. मी एकटाच जातो. चालकही मी, नेव्हिगेटरही मीच.

मग गाडी चालू असताना लॅपटॉपचे झाकण बंद. वाट घरी लॅपटॉपवर आखा, तिची जीपीएक्स फाइल (वाट आणि खुणा साठवणारी) करून मोबाइलच्या ऑफलाइन अॅपमध्ये टाका आणि मोबाइल नजरेच्या रेषेत छोट्या स्टँडवर लावा. फाटा आला की गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, मग लॅपटॉप उघडा. ट्रे बसवला आहे म्हणून चालता चालता एक नजर टाकायची सवय लागते. ती लागू देऊ नका. आणि एकट्याने कच्च्या वाटेला जाऊच नका, निदान दोन गाड्या हव्यात.

२०. नकाशावर वाट दिसते म्हणजे जाता येते ना?

नाही, आणि या उत्तराबाबत मी आग्रही आहे. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय प्रवेश नाही, राखीव वनातही वनखात्याला विचारूनच जायचे. कासचा सडा २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. असल्या सड्यांवर खडकावर जेमतेम दोन-चार बोटे माती असते आणि तीत वर्षातून काही आठवडे फुलणारी रोपे. चाकाची एक चाकोरी पडली की पावसाचे पाणी तिच्यातून वाहते आणि माती धुऊन नेते. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका, तिथे कासवांची घरटी असतात. शेताच्या बांधावरून जायचे तर मालकाला विचारा. बहुतेक वेळा तो स्वतःच पुढची वाट दाखवतो, आणि ती नकाशापेक्षा खरी निघते. ती वाट मी क्यूजीआयएसमध्ये त्याने सांगितलेल्या नावानेच नोंदवते.

२१. स्पर्धेत लॅपटॉप लावता येतो का?

आयोजकांची नियमावली वाचा. वेळ-अंतराच्या रॅलीत ट्युलिप चित्रांची (प्रत्येक वळणाची छोटी रेखाचित्रे असलेली) रोडबुक आणि अंतर मोजणारा ट्रिपमीटर यांवरच खेळ असतो, इतर साधनांना अनेकदा मनाई असते. गोव्यात पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत गाडी कंबरभर पाण्यात जाते, तिथे लॅपटॉपचे कामच नाही.

२२. भर रानात लॅपटॉप बंद पडला तर?

पडतो. आमचा कोयनेच्या बाजूला एका संध्याकाळी पडला, धुके उतरले होते आणि पुढचे बॉनेटदेखील दिसत नव्हते. दादाने गाडी जागेवर उभी केली. माझ्या मोबाइलमध्ये तीच जीपीएक्स फाइल होती, आणि सीटच्या मागच्या कप्प्यात त्या भागाच्या नकाशाची प्लास्टिकमध्ये घातलेली छापील प्रत, साधे होकायंत्र आणि पेन्सिल. शेवटची खूण मी दर अर्ध्या तासाला कागदावर करत आले होते, त्यामुळे आम्ही कुठे आहोत ते शोधायला पाच मिनिटे लागली. निघण्यापूर्वी या तीन वस्तू गाडीत आहेत का ते पाहा, आणि रिसीव्हरची जादा वायर व १५ अँपिअरचे दोन फ्यूज त्याच कप्प्यात टाका.